तारेचं दुकान

स्वतःच्या दुकानात गिऱ्हाइकांकडे पाठ करून बसणारा दुकानदार मी आयुष्यात एकच पाहिला. आष्टीच्या बसस्टँडवरून बाजाराकडे जाताना डाव्या हाताला त्यांचा गाळा होता. आत तीन कॉम्प्युटर, एक टेलिफोन, एक किंचाळणारा मोडेम, आणि त्या सगळ्यांकडे पाठ फिरवून, भिंतीला लावलेल्या टेबलापाशी बसलेले तारमास्तर. आत शिरणाऱ्याला आधी त्यांचं टक्कल दिसायचं. बोलायचं ते टकलाशीच.

पाटीवर इंटरनेट, ई-मेल वगैरे रीतसर लिहिलेलं होतं, पण गाव त्याला तारेचं दुकान म्हणायचं. मास्तरांची सगळी नोकरी तार खात्यात गेलेली. आधी घाटनांदूरला, मग आष्टीला. तारा कमी झाल्या, मोबाइल यायला लागले, तेव्हा त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि मिळालेल्या पैशांत हे दुकान टाकलं. लोकांनी त्यांना खूप समजावलं, की निदान न्हाव्यासारखा समोर आरसा तरी लावा, कोण काय करतंय ते दिसेल. मास्तर म्हणाले, "आरसाच लावायचा तर मंग तोंड कावून फिरवू?"

मी एकदा त्यांना या पाठ करण्याचं कारण विचारलं होतं.  भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "बाई, पोष्टमन पत्र देतो, वाचत न्हाई. माझं तसं न्हवतं. तार वाचल्याबिगर घेताच येत न्हाई. गावात कोण मेलं ते घरच्यांच्या आधी मला ठावं असायचं, अन् त्याच घरच्यांसंगं मी चहा पीत बसायचो. वाचून न वाचल्यासारखं ऱ्हायाचं, ते लई अवघड असतंय. इथं वाचायची बळजबरी न्हाई. मंग कावून वाचू?"

गिऱ्हाईक उठलं की ते त्या कॉम्प्युटरवरचं सगळं पुसायचे, मग पुढच्याला बसवायचे. नावाची वही नव्हती. लाइन तुटली की पैशांचा हिशोब तिथेच थांबायचा, मग चूक खात्याची असो की उंदराची. पासवर्ड विसरलेल्या माणसाने "मास्तर, तुमीच टाका की माझा" म्हटलं की मात्र ते खवळायचे. एका किराणा दुकानदाराला त्यांनी याच कारणासाठी बाहेर काढलं होतं. स्वतःच्या घराची किल्ली दुसऱ्याला देतोस का बे, असं विचारून.

आणखी एक सवय सांगायला हवी. चहा ठेवला, पैसे ठेवले, "येते मास्तर" म्हटलं, तरी ते तोंडाने उत्तर द्यायचे नाहीत. टेबलावर बोटाने टक्, टाऽक, टक् एवढंच वाजवायचे. तारेच्या भाषेत त्याचा अर्थ 'पोचलं'. पलीकडचा निरोप नीट मिळाला की असं कळवायचं, ही त्यांची जन्माची रीत, आणि ती घरीही चालायची. काकूंनी ताट वाढलं की ताटाच्या कडेवर टक्, टाऽक, टक्. "लगीन झाल्यापून ह्यांनी भाजी चांगली झाली म्हणून कदी सांगितलं न्हाई," काकू म्हणायच्या, "निस्ती पोचली म्हणून सांगत्यात."

याच काकूंनी मला दुसरीही एक गोष्ट सांगितली होती, आणि ती ऐकल्यावर मला मास्तरांचा जो राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही. काकूंचं माहेर बीडजवळचं पाली. त्यांच्या वडिलांची प्रकृती बिघडली, तशी तिकडून तार आली. तार घेतली मास्तरांनीच. नाव काकूंचं. तेव्हा ते तार ऑफिसच्या मागच्या खोल्यांतच राहायचे. मधे एक भिंत. मास्तरांनी मजकूर लिहून घेतला, पाकिटात घातला, चिकटवला आणि शिपायाकडे दिला. शिपाई आपल्या क्रमाने गावातली पाकिटं वाटत वाटत मागच्या दारी आला, तोवर बीडची गाडी निघून गेली होती. काकू पुढच्या गाडीने पोचल्या, तेव्हा वडिलांना उचलून नेलं होतं.

"भिंतीवर नुसती थाप मारली असती तरी मला कळलं असतं," काकू म्हणाल्या. "मी चुलीम्होरं बसलेली. हे भिंतीच्या पलीकडं. म्हणाले, तार घेतली मीच, पण तुझ्या हातात पडंस्तवर ती मला ठावं असून चालत न्हाई."

हे सांगताना काकूंचा आवाज अजिबात वर चढला नाही. मला राहवेना. मी दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मास्तरांना विचारलं, की असला कसला नियम.  ते म्हणाले, "बायकोसाठी एकदा मोडला असता, तर मंग दोस्तासाठी मोडला असता. मंग सायबासाठी." मी कॉम्प्युटरवर जाऊन बसले.

त्यांच्या विक्षिप्तपणाची हसायची गोष्टही आहे. ते नगरला जाऊन व्हायरस मारायचं सॉफ्टवेअर घेऊन आले. घरी आल्यावर पाकिटावरचं बारीक अक्षर भिंगाने वाचलं. पाकीट फोडलंत म्हणजे आतल्या कागदावरच्या अटी तुम्हाला मान्य आहेत, अशा अर्थाचं त्यावर लिहिलेलं होतं. मास्तर पाकीट घेऊन पुन्हा एसटीने नगरला. दुकानदाराला म्हणाले, आतल्या अटी काय आहेत ते सांग. तो म्हणाला, फोडा आणि वाचा. मास्तर म्हणाले, "फोडलं की मंजूर झालं. मंग वाचून काय करू?" दुकानदार म्हणाला, आजवर कुणीच हे विचारलं नाही. कंपनीला फोन लावला, तिथल्या पोरीने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा सांगितलं, की सर, पाकीट फोडा. अखेर ते न फोडलेलं पाकीट परत आष्टीला आलं आणि मास्तरांच्या समोरच्या फळीवर उभं राहिलं. दुकानाला भेट देणारा नवा माणूस ते काय आहे म्हणून विचारायचा. "माझंच हाय," मास्तर सांगायचे, "पण मला उघडता येत न्हाई."

पुढे कुठल्या तरी मासिकाबरोबर आलेली, फुकट वाटायची परवानगी असलेली, कॉम्प्युटर चालवायची एक सिस्टिम त्यांनी एका मशीनवर घातली. ती त्यांच्याशिवाय कुणाला चालवता यायची नाही. पण तिच्यावर ते खूश होते. ह्या लोकांनी अटी बाहेर लिहिल्यात, आणि दुसऱ्याला द्या म्हणून सांगितलंय, असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे.

आता मूळ गोष्टीकडे येते. तार खात्यातली जुनी माणसं एकमेकांना हातावरून, म्हणजे बटण दाबायच्या लयीवरून, ओळखायची. तारेवर कटकट सुरू झाली की मास्तरांना कळायचं, बीडला आज कोण बसलाय, आणि जेवून बसलाय की उपाशी. डोळे फिरवता येतात, कान फिरवता येत नाहीत. दुकानात भिंतीकडे तोंड करून बसलं, तरी पाठीमागची बटणं त्यांना ऐकू यायचीच. आठपंधरा दिवसांत त्यांना प्रत्येकाचा हात पाठ व्हायचा. न वळता म्हणायचे, "डॉक्टर, आज घाईत हायसा?" किंवा "बाई, कुणावर राग काढताय बटणांवर?" गावाला याची मोठी गंमत वाटे. लोक मुद्दाम पावलं न वाजवता येऊन बसायचे, चार ओळी बडवायचे आणि मास्तर नाव सांगतात का ते बघायचे. मास्तरांनाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. एवढी एक हौस त्यांनी केली, आणि तीच त्यांना नडली.

माझा हात तर ओळखायला सगळ्यात सोपा. मी टायपिंग शिकले बीडच्या एका इन्स्टिट्यूटमधल्या खिळखिळ्या टाइपरायटरवर. बटण ठोकल्याशिवाय उमटायचं नाही. आणि ओळ संपली की कॅरेज ढकलायला डावा हात वर जायचा. कॉम्प्युटरला कॅरेज नसते, हे माझ्या डोक्याला कळलं होतं, हाताला नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी तो उगीच वर उठायचा, आणि तेवढा वेळ आवाज थांबायचा.

मी तेव्हा गावातल्या एका संस्थेच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. नोकरी कायम व्हायची होती. संस्थेचं वसतिगृहही होतं. दिवाळी झाली की आमच्याकडची माणसं ऊसतोडीला जातात, आणि ज्यांना पोरांची शाळा मोडायची नसते, ते त्यांना वसतिगृहात ठेवतात. त्या पोरांच्या नावाने आलेला गहू-तांदूळ मागच्या दाराने टेम्पोत चढताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. पोरांच्या ताटात डाळीचं पाणी असायचं. तिसऱ्या तासाला मुलं बाकावर डोकं टेकून झोपायची. मी मुख्याध्यापकांना सांगितलं, ते म्हणाले, बाई, तुमची ऑर्डर निघायचीय ना. मग मी तारेच्या दुकानात बसून औरंगाबादच्या एका वर्तमानपत्राला मेल लिहिली, मराठी पण इंग्रजी अक्षरांत, खाली नाव न घालता. ती मीच लिहिली हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी काय अवस्था झाली ते कळेल.

बातमी छापून आली. वर्तमानपत्राने नाव छापलं नाही, कारण ते त्यांच्याकडे नव्हतंच. पण शहाण्यांनी सुरुवातच अशी केली, की आष्टीहून आलेल्या ई-मेलवरून असे कळते. तेव्हा आष्टीत ई-मेल पाठवायची जागा एकच होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर संस्थेच्या अध्यक्षांनी आम्हा पाच जणांना थांबवून घेतलं. दुकानात जाणारे शिक्षक आम्ही पाचच. अध्यक्ष रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. "चला, जरा मास्तरकडं चहा घेऊ," म्हणाले, आणि पुढे चालायला लागले. आम्ही मागे. बाजाराचा दिवस होता, लोक बाजूला होऊन नमस्कार करत होते. माझ्या हाताला घाम सुटला होता, तो मी पदराला पुसत होते.

दुकानात अध्यक्षांचा भाचा आधीच येऊन बसला होता. पुण्यात कॉम्प्युटर शिकलेला. त्याने तिन्ही मशीन उलटीपालटी करून पाहिली होती आणि त्याला काही सापडलेलं नव्हतं. मास्तर नेहमीसारखे भिंतीकडे तोंड करून बसलेले.

अध्यक्षांनी खुर्ची ओढली. "मास्तर, मेल कुणी धाडली?"

"मी बघितलं न्हाई."

"बघितलं न्हाई हे मला ठावं हाय. तुमी बघत न्हाईत. पण ऐकता. तेवढी लांब मेल कुणाच्या हातानं बडवली, ते तुमच्या कानाला ठावं असणार." अध्यक्ष हसले. "सगळ्या गावाला खेळ दाखवता, आज आमाला दाखवा. हे आमचे पाच जण. एकेक जण येऊन बसंल, शाळेची प्रतिज्ञा इंग्रजीत टाइप करंल. तुमी बोलू बी नका. तो हात आला की निस्ती मान हलवा."

 मास्तर खोटं बोलत नाहीत, हे गावाला माहीत होतं. बायकोच्या बापाच्या बाबतीतही बोलले नव्हते.

आधी गणिताचे सर बसले. दोन बोटांनी, कोंबडीने दाणे टिपावेत तसं टाइप करायचे. ते संपवून उठले. मास्तरांनी टेबलावर टक्, टाऽक, टक् वाजवलं. भाचा दचकला. "म्हंजे काय? हाच का?" अध्यक्षांनी त्याला हाताने गप्प बसवलं. मग चित्रकलेचे सर. पुन्हा टक्, टाऽक, टक्. मग पीटीचे. पुन्हा तेच. प्रत्येक वेळी अध्यक्ष पुढे वाकून मास्तरांच्या मानेकडे बघायचे. मान हलत नव्हती.

मग मी बसले. रस्त्यात येतानाच मी ठरवलं होतं, हळू टाइप करायचं, हलक्या बोटांनी, आणि ओळीच्या शेवटी थांबायचं नाही. पहिली ओळ जमली. दुसऱ्या ओळीच्या टोकाला माझा डावा हात आपोआप वर उठला. मला तो दिसत होता आणि खाली आणता येत नव्हता. दुकानात आवाज म्हणून नव्हता. बाकीच्यांना वाटलं असेल, बाई पुढचे शब्द आठवतायत. मास्तरांची पाठ थोडी ताठ झाली, निदान मला तसं दिसलं. मी कशीबशी प्रतिज्ञा संपवली आणि खुर्ची सरकवली.

टक्, टाऽक, टक्. तितकंच, त्याच चालीत.

पाचव्या बाई झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, "बोला मास्तर. वळखला का हात?"

आणि हा माणूस म्हणाला, "मला सगळे हात वळखू येतात."

मला त्या क्षणी त्यांचा गळा धरावासा वाटला. ऐकू येत नाही म्हणा, वय झालं म्हणा, विसरलो म्हणा. एक शब्द खोटा बोलला असता, तर सगळे घरी गेलो असतो.

"मंग ह्यांच्यातला कोण?"

"ते सांगणार न्हाई."

"म्हंजे ह्यांच्यातलाच हाय."

"तसं मी म्हणलो न्हाई. ह्यांच्यातला नसला तरी सांगणार न्हाई."

"आवो, नसला तर न्हाई म्हणाया तुमचं काय जातंय?"

मास्तर त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीसकट वळले. मी त्यांचा चेहरा दुकानात असा समोरून कधी पाहिला नव्हता. कपाळ घामाने भिजलं होतं. "सायेब, आज न्हाई म्हणलो, तर उद्या दुसऱ्या कुणासाठी गप बसलो की त्याचं नाव फुटलंच. म्हणून हाय बी म्हणायचं न्हाई, न्हाई बी म्हणायचं न्हाई. तार ज्याच्या नावानं असती त्यालाच मिळती. ही तुमच्या नावानं न्हवती."

 अध्यक्ष उठले. दारात थांबून म्हणाले, "गाळा माझ्या मेव्हण्याचा हाय, मास्तर."

"ठावं हाय," मास्तर म्हणाले, आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

दोन दिवसांनी दुकानाची टेलिफोन लाइन मेली. कुणी तोडली ते मी पाहिलं नाही, त्यामुळे मीही सांगणार नाही. पुढच्या महिन्यात गाळा खाली करायला लागला. मास्तर लाइनसाठी बीडला ग्राहक मंचात गेले. लाइन माझ्या नावाची, भाडं भरलेलं, मग तिच्यात आवाज कावून न्हाई, एवढंच त्यांचं म्हणणं. ते जिंकलेसुद्धा. लाइन जोडायचा हुकूम घेऊन आले, पण ती ज्या गाळ्यात जोडायची तिथे तोवर चपलांचं दुकान निघालं होतं.

आमच्या शाळेत पाचही जणांवर संशय राहिला, आणि दहावीच्या तोंडावर पाचही जणांना काढणं संस्थेला परवडणारं नव्हतं. वसतिगृहाची तपासणी झाली. मागच्या दाराला कुलूप लागलं, डाळ दाट झाली. तिसऱ्या तासाला मुलं जागी राहायला लागली आणि दंगा करायला लागली. माझी ऑर्डर उशिरा का होईना, निघाली.

मी मास्तरांच्या घरी गेले, तेव्हा काकू एकट्याच होत्या. तीन कॉम्प्युटर पलंगाशेजारी चादरी पांघरून ठेवलेले. काकू म्हणाल्या, "दुकान गेलं ते गेलं. पण एक झालं बाई. इतकी वर्सं मला वाटायचं, बाप गेला तवा हे माझ्याशीच असं वागले. आता कळलं, सगळ्यांशीच असं वागत्यात." मला हसू आलं आणि हसता येईना. तेवढ्यात मास्तर आले. मी उभी राहिले. म्हटलं, "मास्तर, मला तुम्हाला एक सांगायचंय. ती मेल..."

त्यांनी हात वर केला. "नगं, बाई. ऐकलेलं येगळं अन् सांगितलेलं येगळं. तुमी सांगितलं की मला ठावं झालं. मंग उद्या कुणी विचारलं तर मी काय करू?"

मी खाली बसले. आभार मानायची वाटच त्यांनी बंद करून टाकली होती.

त्यानंतर माझी बदली झाली, मी बीडला आले, अधूनमधून आष्टीला जात राहिले. शेवटची गेले तेव्हा मास्तर बरेच थकले होते. पलंगावर कुशीवर झोपलेले, तोंड भिंतीकडेच. फळीवर ते नगरचं पाकीट होतं, अजून न फोडलेलं. काकू आत चहा करत होत्या. खोलीत एक कॉम्प्युटर तेवढा उरला होता. त्याला लाइन नव्हती, वीजही लावलेली नव्हती.

मी चादर बाजूला केली आणि त्याच्यापुढे बसले. ती जुनी मेल मला जवळजवळ पाठ होती. मी ती पहिल्यापासून टाइप करायला लागले, माझ्या खऱ्या हाताने, बटणं ठोकत. ओळ संपली की डावा हात वर जाऊ दिला. पडदा काळाच होता. वसतिगृह, टेम्पो, मागचं दार, डाळ, सगळं लिहिलं. शेवटी जिथे तेव्हा नाव घातलं नव्हतं, तिथे या वेळी माझं नाव टाइप केलं आणि हात मांडीवर ठेवून बसले.

मास्तर वळले नाहीत. मला वाटलं, झोपले असतील. काकूही चहाचे कप घेऊन दारातच थबकल्या होत्या.

मग पलंगाच्या कडेवर त्यांचं बोट हललं. टक्, टाऽक, टक्.